उन्हाळ्यातली रजई

अब्बा, काल पोलीस ठाण्यातून फोन आला. सण जवळ आलेत, शांतता समितीत बाईमाणूस हवं, आणि मी आता रिटायर शिक्षिका, म्हणून माझं नाव. विचार करून सांगते, असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर शांतता हा शब्द सरकारी माणसाच्या तोंडून आला की माझे कान टवकारतात. हे कुणाचं काय झाकायला निघालेत, हेच आधी मनात येतं.

ही खोड दंगलीच्या त्या सालापासूनची. कापसाला भाव नव्हता, गाड्या बाजारात दिवस दिवस उभ्या, माणसं नुसती तापलेली. कुणाची गाडी आधी यावरून भांडण झालं आणि दुपारपर्यंत ते आपल्या गल्लीत पोचलं. आपलं पिंजणाचं दुकान म्हणजे नुसता कापूस, जळायला कितीसा वेळ लागणार! आग लावणारा तुम्ही पाहिला. पंधरा वर्षं आपल्या गाद्यांच्या खोळी शिवणारा, समोरचाच शिंपी. तुम्ही पोलिसांना त्याचं नाव सांगितलं, तेव्हा मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

मग समिती बसली. चहा, चिवडा, हार. तुम्ही आणि जामिनावर सुटलेल्या त्या शिंप्याने गळाभेट घेतली, फोटो निघाला. आधी मनं जुळू द्या, न्यायाचं मग बघू, असं जो तो म्हणत होता. मला तेव्हाच वाटलं, हे 'मग' काही येत नाही.

आणि भर उन्हाळ्यात तो रजई घेऊन येतो. अब्बा, दिवाळीआधी रजई पिंजून घेतं का कुणी? मी दाराआडून बघतेय. तुम्ही ताडपत्रीखाली नवं पिंजण लावून बसलाय.

"भाऊ, हे पिंजून देता काय?"

"देतो. पहिले सांग, आग तूच लावली ना?"

तो रजई तुमच्यापुढे ठेवतो. "हो."

"मंग समितीत चारचौघात सांग."

"घरी लेकरं हायेत, भाऊ. मले नाही जमत."

तुम्ही रजई उसवायला घेता. जुना गोळा झालेला कापूस तुम्ही त्या दिवशी इतका मन लावून पिंजलात की माझा संताप झाला.

कोर्टात तुम्ही म्हणालात, धूर होता, ओळखू आलं नाही. घरी आल्यावर मी ओरडले, काहून? माझ्याशी हिंदीत बोलणारे तुम्ही, त्या दिवशी बाजारात बोलता तसं वऱ्हाडीत बोललात. "माह्या एकल्याच्या सांगण्यानं काय होते? वकील म्हणते, दुसरा साक्षीदार पाहिजे. सुटणारच तो. मंग दुश्मनी तेवढी राहीन."

तुम्ही घाबरलात, विकले गेलात, समितीने गुंडाळलं, असं मी आजवर लोकांना सांगत आले. अम्मीलाही. गल्लीत पुन्हा दंगल झाली नाही हे खरं. तुमच्या मयतीला तो खांदा द्यायला आला, रडलाही. मी मात्र तो खरंच रडतोय का हे बघत उभी होते. त्याने चारचौघात एकदा 'हो' म्हटलं असतं, तर कदाचित मी तसं बघितलं नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. समितीत बसले तर मीही लोकांना म्हणणार, खरं बोला, मग जवळ या. कोणत्या तोंडाने? पोलीस आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, महिन्यावर निकाह आला होता. त्यांनी विचारलं, तू कुठे होतीस? मी म्हणाले, मागे भांडी घासत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत.

मी दुकानातच होते, अब्बा. त्याला काडी ओढताना मीही पाहिलं होतं.