बाल्कनीतलं कपाट आणि जपानी सोंगट्या

११ नोव्हेंबर २०१९, सोमवार. द्वारका, दिल्ली.
बाहेर धूर. खिडक्या बंद, फिरणं बंद. नातीने, मयुराने, टॅबवर जपानी माजाँग लावून दिलं. चौघांचा खेळ. सोंगट्या घ्यायच्या, टाकायच्या, तीन-तीनचे सेट जमवायचे. आपली रमीच. समोर कुठलीतरी तीन खरी माणसं. दोन दिवसांत रडवते.

दुपारी सूनबाईंनी बाल्कनीतलं कपाट आवरायला काढलं. म्हणे, आई, एकसष्ट रिकामे डबे आहेत, मला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचंय. श्रीखंडाचे चांगले डबे, झाकणासकट, कुणी फेकतं? मी म्हटलं, मीनाक्षी, चोवीस तारखेपर्यंत मी या खेळात 'नवशिकी'ची 'जाणकार' झाले तर कपाटाला हात लावायचा नाही. नाही झाले तर कबाडीवाल्याला मीच देईन. हसली. हसू दे.

१३ नोव्हेंबर
सहा डाव. सहाही गेले. माझे सेट पुरे, तरी जिंकल्याचं बटण येईना. टॅब खराब. पद्माकरला ऑफिसात फोन केला. मीटिंगमध्ये आहे म्हणाला. आईपेक्षा मीटिंग मोठी.

संध्याकाळी मयुरा म्हणाली, आजी, दुसऱ्याने टाकलेली प्रत्येक सोंगटी उचलतेस यार, तू कबाडी आहेस का? उचलून उचलून सेट पुरे केले तर जिंकायला वर आणखी काहीतरी खास लागतं. न उचलता जमवलंस तर शेवटी 'रीची' म्हणायचं, बस, तेच खास.
म्हणजे आयतं मिळतंय ते सोडायचं. श्रीमंतांचा खेळ दिसतोय.
ठरलं. उद्यापासून उचलणं बंद.

१४ नोव्हेंबर
उचललं. एकदाच. म्हणजे एकेका डावात एकदाच. दोनदा.

१९ नोव्हेंबर, दुपारी
चार डाव लागोपाठ जिंकले! शाळा चौथीपर्यंत असेल, डोकं नाही. थालीपीठ थापत खेळत होते. हात पिठाचे, बोट पुसून उचलायचं बटण दाबेपर्यंत ते निघून जायचं. पण त्याचा काही संबंध नाही. प्लॅनिंग आहे ते.
आता एकच डाव जिंकायचा उरला. मीनाक्षीला सांगितलं, मशीनला दुसरी जागा बघ.

२४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहा
मधले चार दिवस एकही डाव जिंकले नाही. आजचा हा शेवटचा डाव, असं ठरलं. पद्माकरसुद्धा मागे उभा. हात स्वच्छ धुऊन बसले. तिथेच चुकलं.
माझ्याकडे पक्ष्याच्या दोन सोंगट्या. समोरच्याने तिसरी टाकली. इतका देखणा पक्षी, आणि टाकतो मेला! मयुरा ओरडली, आजी, नहीं! बोट पोचलं होतं. सगळे सेट पुरे झाले. बटण आलं नाही. डाव शेजारच्याने नेला.
मीनाक्षीने माझ्यापुढे चहा ठेवला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी, चार वाजता
शब्द म्हणजे शब्द. एकसष्ट डबे स्वतः खाली नेऊन कबाडीवाल्याला दिले, झाकणांसकट. यापुढे दुसऱ्याने टाकलेलं उचलायचं नाही, खेळातही आणि घरातही.

पावणेपाच
कबाडीवाल्याच्या गाडीवर वरच्या मजल्यावरच्या निधीने टाकलेली मोठी काचेची बरणी होती. एवढीच मागून आणली. वर येऊन बघते तर झाकण नाही.
माझ्याकडे होतं तिला बसेल असं. पाऊण तासापूर्वी.