कानडीत शिरलेलं भाषण

बार्शी

शांतम्माअक्का, तुला धाकट्या वीरप्पाचं शरणु.

आप्पांच्या वेडाला साऱ्या मुरुम गावानं तेज म्हटलं. नंतर महिनोन्‌महिने भिंतीकडं तोंड करून पडलेले आप्पा फक्त आपण दोघांनी पाहिले.

इकडं माझं बरं आहे. भाकरी वेळेवर मिळते. झोप लागत नाही, तरी थकवा येत नाही, याचीच भीती वाटते. तुझा गुडघा कसा आहे?

काल सभेत निजामाविरुद्ध बोलताना मी नकळत कानडीत शिरलो. कुणालाच कानडी येत नव्हती, तरी टाळ्या पडल्या. आप्पांचं वेडही असंच सुरू व्हायचं. त्याच भरात मी जाहीर केलं, की अमावस्येला इथली पोरं घेऊन मुरुमच्या चावडीवर झेंडा लावीन. तिथं निजामाच्या शिपायांच्या बंदुका आहेत, अक्का. आज शब्द मागं घ्यायला उभा राहिलो आणि तेच दुप्पट जोरात बोललो. सोबती म्हणतात, "वीरप्पा, आत्ता कुठं तुम्ही पेटलात!"

मी यातून सुटेन असं वाटत नाही. ती पोरं तरी वाचावीत.

पत्र मिळताच दाजींना पाठव. त्यांनी मला सोलापूरला मामांकडं नेऊन कोंडावं. मी कितीही छान बोललो, तरी ऐकू नये.

तुझा,
वीरप्पा