डब्यात भेंडी आहे

चंद्रे, बोंबील पाठवायचे तर दोन पिशव्यांत घट्ट बांधावेत, एवढी अक्कल तुला साठीतही आली नाही? पनवेलची बिल्डिंग म्हणजे करंज्याचा मासळीचा धक्का नव्हे. वरच्या मजल्यावरची बाई नाकाला पदर लावून चौकशीला आली.

असो. धाकट्या बहिणीला आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही तसेच. (पत्रात "आहे" लिहायचं, "हाय" नाही, हे चौथीत बाईंनी पट्टीने शिकवलं. शाळा सुटली, पट्टीची भीती काही सुटली नाही.)

माझी नात कोमल कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मुलं एकमेकांत का मिसळत नाहीत, याचे प्रश्नांचे कागद सगळ्यांकडून भरून घेते आणि स्वतः जिन्यात बसून एकटी जेवते. का, तर डब्यात आपली सुकी मासळी असते, पोरी नाकं मुरडतील. परवा म्हणाली, कॉलेजच सोडते. मी तिला धुतली. "माज्या टोपलीवर तुजा बाप शिकला, आन तुला लाज वाटते?" तिने प्रश्नांचा कागद पुढे केला. त्यात विचारलेलं, लोक काय म्हणतील याची भीती वाटते का? मी "कधीच नाही"वर ठसठशीत खूण केली.

दुसऱ्या दिवशी डबा तिने मुद्दाम घरी ठेवला, मी मुद्दाम घेऊन गेले. कॅन्टीनभर पोरी. मासळीच्या लिलावात माझा आवाज खाडीपलीकडे जायचा, इथे मी डबा पदराखाली घेतला. समृद्धी नावाची तिच्या वर्गातली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, डब्यात काय आणलंत?"

आणि चंद्रे, मी म्हटलं, "भेंडी."

वास तोवर तीन टेबलं फिरून आलेला. कोमल माझ्याकडे बघून हसत सुटली. (किती दिवसांनी हसली, ते मी मोजत नाही.) डबा उघडून म्हणाली, "बोंबील हायत. आजीला लाज वाटते." "हायत" म्हणाली, सगळ्यांसमोर. समृद्धीने तीन खाल्ले. आता कॉलेज सोडायची भाषा बंद आहे आणि मी तिथे भेंडी आजी झाले आहे.

तुझी मोठी बहीण,
मैना

ता. क. बोंबील चार पोरींपुरते पाठव. दोन पिशव्यांत.

आणखी एक ता. क. कोमलने माझा कागद फाडून नवा दिला. त्यात विचारलंय, आपलं काही लोकांपासून कधी लपवलंत का? एसटीत माशाच्या टोपलीवर अबोलीचे गजरे पसरून आपण फुलवाल्या म्हणून बसायचो, ती युक्ती कोणाची? मी तुझं नाव लिहिलंय. कोमल तुला विचारणार आहे. तिला उत्तर तूच दे, तुझ्या शैलेशला देऊ देऊ नकोस. तो तेव्हा पाच वर्षांचा, तुझ्या मांडीवर असायचा; युक्ती कोणाची ते त्याला पक्कं आठवतं.