बरणीतल्या कोळ्याचा खुराक

शहापूर, १५ सप्टेंबर २०२५

ती. रेश्माताईस, आदेशचा सा. न.

जीप सुटेल म्हणून पळालो आणि बरणी तिथंच राहिली. मोरीवरच्या फळीवर बघ, लोणच्याच्या बरणीत पिवळट कोळी आहे. फेकू नको गो! त्याच्यावर माझी नोकरी आहे. जंगलातल्या कोळ्यांची पाहणी करणाऱ्या शीतलमॅडम म्हणाल्या, हा जिवंत आण, काय खातो, कसा खातो ते लिहून आण, मग सहा महिने पक्का. नाय तर शनिवारपासून घरी. हॉटेल सुटलं, वीटभट्टी सुटली, हेपण सुटलं तर आई उंबऱ्यात उभं करणार नाय.

माशी-मुंगी घालू नको, हा कोळीच खातो. पुढच्या पायांना कंगव्यासारखे काटे आहेत बघ. याच धंद्यातल्या दुसऱ्या जातीचा फोटो मॅडमनी दाखवला. मान बगळ्यासारखी उंच, जबडे चिमट्यासारखे लांब. शिकार दूर धरायची, उलटून चावायला नको! कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकून मेलेले आधी सापडले. लोकांना वाटलं जातच संपली, मग मादागास्करला जिवंत निघाले. तिकडे जातात कसं, ते विचारायचं राहिलं.

इथं रेंज नाय. एसटीचे कंडक्टर देवरामकाका चिठ्ठी आणतील. तूच त्याला खाऊ घाल, बघ, लिही आणि काकांच्याच हाती बरणी पाठव.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
आदेश

मुरबाड, १८ सप्टेंबर

चि. आदेशास आशीर्वाद, आणि मागितल्यास त्या शिव्याही.

सोमवारी घट बसतात, ध्यानात आहे का रे? आईने घरातलं एकूण एक जाळं झाडलंय. आळीभर तेच. शेवटी शेजारच्या रंगूकाकूचा झाडू मी हातानं धरला. ती म्हणाली, लग्नाची पोर आणि जाळी मागत फिरते! तिच्या गोठ्यातलं एक जाळं काटकीसकट, त्यातल्या आठपायी मालकिणीसकट बरणीत ठेवलं.

शिवणयंत्र बंद ठेवून बघत बसले. दोन तास तुझा कोळी हलला नाय. मग एका पायानं तिच्या जाळ्याची तार हळूच छेडली. थांबला. परत छेडली. तिला वाटलं माशी अडकली, धावत आली. यानं काट्यांच्या पायांत कोंडून तिच्या पायाला चावा घेतला, ती जागीच गार. मग त्याच पायातून रस ओढत बसला, एक झाला की दुसरा. दुपारी नुसतं टरफल उरलं. मला जेवण गेलं नाय, पण उठवेनाही. वेळा वेगळ्या कागदावर लिहिल्यात. बरणी देवरामकाकांच्या मांडीवर दिलीय.

जेवत जा. माया आहेच.
रेश्मा

शहापूर, २१ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

कोळी जिवंत पोचला. मॅडमनी कागद दोनदा वाचला, म्हणाल्या, आदेश, तुझ्यात हे होतं होय! मी गप्प बसलो. रागाव, पण बसलो.

काल त्यांनी त्याच्यापुढे दुसरं जाळं ठेवून सांगितलं, असंच लिही. पाऊण तास कसाबसा काढला. खाली ओढ्यावर पोरं खेकडे धरत होती, जरा बघून येतो म्हणून गेलो. आलो तर बरणीत टरफल. लिहू काय? तेव्हा बोललो, तो कागद माझ्या ताईचा.

मॅडम ओरडल्या नाय. एवढंच विचारलं, ताई येईल का? मी तुला न विचारताच हो म्हटलं. जागा एकच आहे, माझीच. मंगळवारी पहिल्या एसटीनं ये. मी पिशवी घेऊन स्टँडवर उभा असेन, त्याच गाडीनं मुरबाडला परत.

आईला एवढंच सांग, एक पोर कामाला पक्कं झालं. कुठलं, ते मी दारात आल्यावर कळेलच.

रागावलीस तरी आपलंच म्हण,
आदेश