गुरुवारचं गिऱ्हाईक

वायरोक्वा, ६ सप्टेंबर १९९९

ती. सॉल्वेगताईस,
धाकट्या आर्विडचा वाकून नमस्कार वि. वि. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातूनच.)

दाजी काठी धरून अंगणापर्यंत जातात हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडीमागे ओढायच्या आपल्या त्या चाकांवरच्या घराची, ट्रेलरची, जाहिरात देऊन सहा आठवडे झाले, अजून विकला गेलेला नाही. चौदा गिऱ्हाइकं येऊन गेली गं, पण एकेक नमुना! एकाला तो मासेमारीला न्यायचाय. म्हणजे चिखलाचे बूट घेऊन आत चढणार, आणि आतल्या लाकडाला माझ्या मर्नानं लाखेचे पाच हात दिलेत! एका बाईला पिवळा ओटा उखडून पांढरा बसवायचाय. तिला सांगितलं, दुसऱ्याला शब्द दिलाय. चक्क खोटं बोललो. काल मॅडिसनहून एक जोडपं आलं. पोरगी हुशार, तिनं लाकूड कुजलंय का ते बघायला कोपऱ्याकोपऱ्यात अंगठा दाबून पाहिला. खरं गिऱ्हाईक असंच करतं. पण नवरा फार घाईचा वाटला, म्हणून नाही म्हटलं. बसले मात्र दोन तास. सफरचंदाचा केक सगळा फस्त झाला.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
आर्विड

डलूथ, ११ सप्टेंबर

चि. आर्विडला पोटभर आशीर्वाद.

चौदा गिऱ्हाइकं आली आणि एकही पसंत नाही? ट्रेलर विकतोयस की पोरीला स्थळ बघतोयस? उद्या पत्रिका मागशील!

अरे, ज्या शेतकऱ्याकडून घेतलात, त्याच्या कोंबड्या राहत होत्या त्यात. तुम्ही दोघांनी सात वर्षं घालून त्याला माणसात आणलंत. मर्नानं शेवटच्या दिवसांत तुला माझ्यादेखत बजावलं होतं, मी गेले की विकून टाक, अंगणात पुन्हा कुजवू नकोस. वर्ष होत आलं. पुन्हा एक हिवाळा बर्फाखाली काढणार का तो?

मी येऊन तुझा कान धरला असता, पण ह्यांना सोडून हलता येत नाही. खरं सांग, तुला तो विकायचाय ना?

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

वायरोक्वा, १ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तू सरळ विचारलंस, सरळच सांगतो. नाही विकायचा.

मर्ना गेल्यापासून नऊ महिने या घरात माझ्याशिवाय कुणी खुर्ची ओढून बसलं नव्हतं. शेजारीण दोनदा जेवणाचं भांडं दारात ठेवून गेली, तेही घंटी न वाजवता. दुःखी माणसाला त्रास नको म्हणून लोक येत नाहीत. फार चांगले लोक आहेत गं, पण फार दूर उभे राहतात. मी ट्रेलर विकायलाच काढला होता, शपथ. पण जाहिरात आली आणि पहिल्याच शनिवारी तीन माणसं आली! बसली, कॉफी प्यायली, मर्नानं शिवलेले पडदे हातात धरून बघितले. मग मला चटकच लागली. विकला की संपलंच ना.

आता पुढचं ऐक. चार गुरुवार झाले, एक गृहस्थ येतो. माझ्याच वयाचा. टोपी काढून आत येतो. अंगठा दाबत नाही, किंमत विचारत नाही. त्याचीही बायको गेली. ती आंघोळ करताना गायची, म्हणाला. आता घरात नळाचा आवाज तेवढा येतो. काल त्याला पोचवायला गेलो तर लक्षात आलं, त्याच्या गाडीला मागे ट्रेलर ओढायचा हुकच नाही! आणि गाडी एवढीशी, हातगाडीसुद्धा ओढायची नाही. ताई, तो घ्यायला येत नाही आणि मी विकायला बसलेलो नाही. मी म्हणतो, विचार करा. तो म्हणतो, पुढच्या गुरुवारी सांगतो.

रागाव हवं तर.
तुझा,
आर्विड

डलूथ, ६ ऑक्टोबर

चि. आर्विड, आशीर्वाद.

रागावू कुणावर? तुझं पत्र वाचलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. माझी चूक आहे, पडदे बघायला मीच यायला हवं होतं.

पण मर्नाचा शब्द पाळ. मॅडिसनच्या त्या पोरीला दे. आणि त्या माणसाला नुसतंच कॉफीला बोलाव की! दोन म्हातारे पुरुष, आणि या, बसा म्हणायला यांना चौदा फुटी ट्रेलर लागतो! धन्य आहे तुमची.

ताई

वायरोक्वा, ४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

विकला. मॅडिसनच्या त्या दोघांना, गेल्या महिन्याच्या १६ तारखेला. पोरीनं पुन्हा सगळीकडे अंगठा दाबला. पडदे आहेत तसेच ठेवीन म्हणाली. मीच त्यांच्या गाडीला जोडून दिला आणि वळणापर्यंत मागे चालत गेलो. घरी आल्यावर मात्र धाय मोकलून रडलो.

त्या गृहस्थाला आधी सांगायचं धाडस झालं नव्हतं. मग गुरुवार आला. कॉफी केली. काय बोलायचं ते पाठ केलं. तो आला. गाडी रस्त्यावरच थांबवली. अंगणात ट्रेलरखालचं पिवळं पडलेलं गवत तेवढं होतं. मी खिडकीत उभा. दार उघडून बाहेर जायचं, एवढंच होतं गं, पण पाय उचलेना. त्यानं हात वर केला आणि गाडी फिरवली. धावलो तेव्हा उशीर झाला होता. हाक तरी काय मारणार? नाव ठाऊक नाही. आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. नावगाव झालं असतं तर सौद्याचं बोलावं लागलं असतं.

म्हणून पुन्हा जाहिरात दिलीय. वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या मुलीनं विचारलं, काय विकायचंय? म्हटलं, काही नाही. मग कुठल्या सदरात घालू? म्हटलं, ट्रेलरच्याच. तो तेवढंच वाचत असणार. मजकूर असा दिला: ट्रेलर विकला गेला, गुरुवारी येणाऱ्या गृहस्थांनी तरीही यावं.

गेल्या गुरुवारी कुणी आलं नाही. आज दुसरा. चार वाजून गेलेत, लवकरच अंधारेल. बाहेर गाडी थांबली तर पत्र अर्धं टाकून उठावं लागेल, म्हणून आधीच सही करून ठेवतो.

तुझा,
आर्विड