हातून पडलेला भंडारा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, भैरू ज्ञानू सपकाळ, वय एकसष्ट, पूर्वी वाशीच्या बाजारात माथाडी, आता घरीच, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्या दाबाखाली न येता आणि कोणतेही नशापाणी न करता माझ्या हाताने लिहून ठेवतो. नशापाण्याचे शब्द वकील स्मिताताईंच्या नमुन्यात आधीपासूनच होते. मी म्हणालो, ताई, एवढे जरा ठळक करा. त्या हसल्या. त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.

येत्या आठवड्यात माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, लिंबाएवढी गाठ आहे. हाड मधोमध कापून ती काढायची. गाठ निघेल, असं डॉक्टर म्हणतात. पण माझ्या अंगातल्या स्नायूंना मुळातच जोर कमी, त्यामुळे नंतर श्वास आपला आपण चालेल की मशीनवरच राहावं लागेल, हे आत्ता सांगता येत नाही. म्हणून हा खटाटोप. लिहितो तेही सकाळीच, कारण दुपारनंतर डावी पापणी खाली येते आणि एका ओळीच्या दोन ओळी दिसतात.

कलम १. करंजाडे येथील माझा फ्लॅट माझी पत्नी गोजरा हिला द्यावा. ती सात वर्षांपासून पाटण तालुक्यात भावाकडे असते. घर घेतलं तेव्हा स्वयंपाकाचा ओटा मी तिच्या उंचीच्या बेताने करून घेतला होता. मिस्त्री वैतागला, म्हणाला, एवढा बुटका ओटा कुणी करतं का? आता त्यावर मी कंबर मोडून एकट्यापुरता चहा करतो. आमची मुलगी दीक्षा म्हणाली, आई परत आली तरच घर, अशी अट घाला. मी अट घातलेली नाही. तिने घर भाड्याने दिलं, विकलं, कुलूप लावून ठेवलं, तिची मर्जी.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते दीक्षाचं. ती ऐरोलीला नोकरी करते आणि माझ्यावर ओरडायला रविवारी येते. तिनेच ओळखलं. जेवताना म्हणाली, "बाबा, तुमी नाकातून बोलताय. आणि प्रत्येक घासाला पाणी कशाला लागतं? उद्या मी सुट्टी टाकते, चला." तिने ओढत नेलं नसतं, तर मी अजून घासागणिक पाणी पीत बसलो असतो.

कलम ३. पोत्यात रुतवायचा माझा हूक मी आमच्या टोळीचे मुकादम रावसाहेब मोहिते यांना हातोहात दिला आहे. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं स्मिताताई म्हणतात. हूक त्यांनी घरात खिळ्याला टांगावा, रोज नजरेला पडेल असा. त्याचं कारण लिहितो.

सात वर्षांपूर्वी, बाजारात असताना, सकाळी मी चांगला असायचो. कांद्याच्या गाड्या रिकाम्या होत आल्या की पापणी जड व्हायची, जीभ वळायची नाही, पाय वाकडे पडायचे. बाजारात अशा माणसाबद्दल लोक एकच गोष्ट धरून चालतात. एकदा पाठीवरून पोतं घसरलं तसे रावसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "पिऊन वझं उचलतोस व्हय रं? उद्या कुनाच्या तरी टकुऱ्यात घालशील." टोळीतून माझं नाव गेलं. मी आयुष्यात थेंबाला शिवलो नव्हतो.

गोजराचा बाप दारूने मेलेला. ती भांडली नाही. तिने देवापुढे ताटलीत भंडारा मांडला, भावाला आणि रावसाहेबांना बोलावलं आणि मला म्हणाली, "मला दुसरं काय नगं. भंडारा उचला आन् सांगा, पीत न्हाय म्हनून." आमच्याकडे भंडारा मुठीत घेऊन हात डोक्यावर धरायचा, खरं ते बोलायचं आणि मग कपाळाला लावायचा. खोटं बोलणाऱ्याला देव सोडत नाही. मी आनंदाने उचलला. एका मिनिटात सगळं मिटेल, असं वाटलं.

पण ती संध्याकाळ होती. माणसं कामावरून सुटल्यावरच जमणार. "खंडोबाची आण" एवढं बोललो आणि हात आपोआप खाली आला. मूठ सुटली. भंडारा फरशीवर, गोजराच्या लुगड्यावर. मग ती म्हणाली, "देवानंच हात धरला." दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर गेली.

भंडारा सकाळी उचलायला हवा होता, एवढंच. सकाळी तोच हात सरळ वर जायचा. कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. मला तर वाटलं, देवाने हात पाडला म्हणजे आपलंच कुठलं तरी पाप असणार. देवाने दिलेल्या शिक्षेवर डॉक्टरकडे कोण जातं? म्हणून गेलो नाही आणि गाठ आत वाढत राहिली.

यंदा डॉक्टर करमरकरांनी दोन्ही हात पुढे धरून ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने ते पडले. डॉक्टरांची खात्री पटली. या गाठीमुळे शरीर स्वतःच्याच स्नायूंशी वैर करतं, असं त्यांनी समजावलं. ज्या गोष्टीने माझा संसार मोडला, ती त्यांच्याकडे साधी तपासणी आहे. मी तिथेच रडलो.

रावसाहेबांना कळलं तसे ते घरी आले आणि रडत म्हणाले, "चल पाटनला. वैनीच्या पायावर डोकं ठिवतो आन् समदं सांगतो." मी त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांच्यावरचा राग गेला, असं मी लिहिणार नाही. पण हुकाएवढी शिक्षा पुरे.

कलम ४. अग्नी दीक्षाने द्यावा. भावकीने नाक मुरडलं तर मुरडू द्यावं.

कलम ५. गोजराला वाचता येत नाही. तिला फक्त कलम एक, कलम दोनचं पहिलं वाक्य आणि कलम चार वाचून दाखवावं. बाकीचं, मुख्य म्हणजे कलम तीन आणि हे कलम, वाचू नये. ऑपरेशनचं तिला कळवलेलं नाही. मी वाचलो, तर टाके सुकल्यावर सकाळच्या गाडीने स्वतः जाईन, छाती उघडी करून दाखवीन आणि सगळं सांगेन. मग ती देवाशी भांडो, माझ्याशी भांडो, मी शेजारी बसलेला असेन.

पण मी गेलो, तर तिला खरं सांगू नये. खरं कळलं, तर तिने एक तर देवाला खोटं म्हणायचं, नाही तर निर्दोष नवऱ्याला टाकलं म्हणून उरलेला जन्म स्वतःला खात बसायचं. तिने जे डोळ्यांनी पाहिलं, त्यावर विश्वास ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचा हात असा पडला असता, तर मीही ठेवला असता.

दीक्षा काल या कलमावरून खूप रडली. "बाबा, तुमी कायम दारुडेच राहणार का तिच्यासाठी? आणि ते मी सांगायचं?" मी म्हटलं, होय, तूच. दुसऱ्या कोणाचं ती ऐकणार नाही. तिने अजून हो म्हटलेलं नाही. तरी माझी शेवटची इच्छा म्हणून लिहितो: मी गेल्यावर गोजराने विचारलं, तर दीक्षाने तिच्याजवळ बसून, रडू न आणता सांगावं, आई, तुझं बरोबर होतं, बाबा पीत होते.

ठिकाण: करंजाडे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी

लिहून ठेवणार: भैरू ज्ञानू सपकाळ (सही)

आमच्यादेखत सही केली. साक्षीदार:
१. डॉ. निशांत करमरकर. सदर इसम पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)
२. रावसाहेब मोहिते. कलम पाच वाचलं. पाटणला जाणार नाही. (सही)