लेकाचा तक्ता

माझ्या घरधनिणीस,

अनेक आशीर्वाद. लेकाकडे मी बरा आहे, खोकलाही उतरतोय. तुझे गुडघे काय म्हणतात?

आपल्या डॉक्टर लेकाच्या फुप्फुसांवरच्या लेखाचा आधार आता चारशे बारा जणांनी आपापल्या लेखांत घेतलाय. पूर्वी आकडा वाढला की स्वारी शीळ घालायची. हल्ली ताट सरकवते. परवा म्हणाला, "बाबा, त्या लेखातला औषधाच्या मात्रेचा तक्ता चुकलाय. कॉलेजात तोच शिकवतात."

"मग कळव की! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"कळवतो," म्हणाला. कळवलं नव्हतं, हे आज कळलं.

आज मी कौतुकानं सांगितलं, "अरे, इथल्या डॉक्टरीणबाईंनी खोकल्याच्या गोळ्या तुझ्याच तक्त्यावरून दिल्यात!"

तो पांढराफटक पडला. "किती घेतल्यात?"

"सहाच."

आत्ता तो घड्याळ धरून माझे श्वास मोजतोय. तू घोर लावून घेऊ नकोस.

तुझाच,
लेकाचा बाप